दारू गेली, चोथा उरला: भट्टीच्या कचऱ्यातून खाण्याजोगं काय निघतं?

सोयाबीनचा भाव का पडला याची चर्चा लातूरच्या आडतीत निघो वा अकोल्याच्या, हल्ली त्यात एक परकं नाव येतंच: डीडीजीएस. मक्यातून इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल ते हेच) काढल्यावर जे उरतं ते वाळवून केलेली भरड, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट मात्र तसंच होतं. मग डिस्टिलऱ्या मक्याकडे आणि तांदळाकडे वळल्या. इथेनॉल टाकीत गेलं, भरड बाजारात आली, आणि कोंबडीखाद्य करणाऱ्यांनी सोयापेंडीऐवजी ती स्वस्तातली भरड उचलायला सुरुवात केली.

दुसऱ्या टोकाला शहरांतल्या महागड्या दुकानांत अशी बिस्किटं आणि पिठं दिसू लागली आहेत, ज्यांच्या पाकिटावर अभिमानाने लिहिलेलं असतं की हे दारूच्या कारखान्यातल्या चोथ्यापासून केलंय आणि त्यात अँटिऑक्सिडंट भरपूर आहेत. कोंबडीचं खाणं आणि ही बिस्किटं, दोन्हींचा उगम एकच. मग ते औषध आहे, खाद्य आहे की नुसताच कचरा? उत्तर कुठल्या भट्टीचा कचरा, यावर ठरतं.

भट्टीतून काय जातं आणि मागे काय राहतं

दारू कशाचीही असो, काम एकच चालतं. यीस्ट नावाची बुरशी साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. धान्य असेल तर आधी त्यातल्या स्टार्चची साखर करून घ्यावी लागते. मग ते आंबवण तापवलं की अल्कोहोल पाण्याआधी वाफ होऊन निघून जातं, ती वाफ थंड केली की दारू. यीस्टला साखरेशिवाय फारशात रस नसतो. प्रथिनं, तेल, कोंडा, खनिजं, रंग, तुरट द्रव्यं, हे सगळं मागे राहतं.

१०० किलो मका घातला तर ढोबळमानाने एक तृतीयांश अल्कोहोल होतं, एक तृतीयांश वायू होऊन उडतो आणि एक तृतीयांश भरड उरते. मक्यात ८-९ टक्के प्रथिनं असतात. भरडीत ती २७ ते ३० टक्के होतात. कुणी बाहेरून घातली नाहीत. आमटी गॅसवर विसरली आणि आटली, तर मिठाचा एक कणही न वाढता ती खारट लागते, तसंच हे. पण डाळीत खडा असेल तर आटल्यावर तोही आमटीतच सापडतो. हा खडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय

आपल्या शरीरात श्वासोच्छ्वासापासून जंतूंशी लढण्यापर्यंत अनेक कामांत काही अर्धवट रेणू तयार होतात. त्यांना एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजारच्या रेणूकडून ओढून घेतात. ज्याच्याकडून ओढला तो बिघडतो. स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊनही जो रेणू फारसा बिघडत नाही, तो अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्व हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. वनस्पतींत पॉलिफेनॉल नावाची मोठी फौज असते: द्राक्षाच्या सालीचा जांभळा रंग, काजूच्या बोंडूचा, म्हणजे बीला जोडलेल्या रसाळ फळाचा तुरटपणा, धान्याच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल, हे सगळे त्याच घराण्यातले.

वनस्पती ही द्रव्यं आपल्यासाठी करत नाही. ऊन, कीड आणि बुरशी यांपासून स्वतःला वाचवायला करते, म्हणून ती साल, बी आणि कोंडा यांत जास्त असतात. द्राक्षातली साधारण ६० ते ७० टक्के पॉलिफेनॉल बियांत आणि बहुतेक उरलेली सालीत असतात. गरात फार थोडी. रस काढून घेतला की नेमका हाच भाग चोथ्यात जातो. त्यामुळे चोथ्यात अँटिऑक्सिडंट असतात ही जाहिरातबाजी नाही, ते खरंच असतात.

जाहिरातबाजी पुढच्या पायरीवर सुरू होते. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचं जांभळं रसायन घेतात, त्यात चोथ्याचा अर्क टाकतात आणि जांभळा रंग किती फिका पडला ते मोजतात. परीक्षा स्वस्त आहे, झटपट होते, म्हणून खाद्यशास्त्राच्या प्रबंधांत ती जागोजागी भेटते. पण ती परीक्षानळीतली परीक्षा आहे. पोटात गेल्यावर यांतले बरेच रेणू शोषलेच जात नाहीत, जे शोषले जातात त्यांचं यकृत रूप पालटून टाकतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशा ‘अँटिऑक्सिडंट गुणां’ची यादी वेबसाइटवर ठेवली होती, कंपन्या तिचा वापर विक्रीसाठी करतात आणि आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध दिसत नाही, या कारणाने २०१२मध्ये ती काढून टाकली. त्याआधी १९९४मध्ये फिनलंडच्या मोठ्या चाचणीने सगळ्यांनाच हादरवलं होतं. धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांच्या या चाचणीत ज्यांना बीटा-कॅरोटिनच्या, म्हणजे गाजराला केशरी रंग देणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला.

तो गोळ्यांचा प्रकार होता, गाजर खाण्याचा नव्हे. तरी ‘अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितकं चांगलं’ हे गणित तिथेच मोडलं.

मग चोथा खाण्यात अर्थ काय? माझ्या मते त्याचं खरं मोल तंतूंत आहे. आपल्या मैदाळलेल्या जेवणात ज्याची कमतरता आहे तो कोंडा चोथ्यात ठासून असतो, आणि बरीच पॉलिफेनॉल त्या तंतूंनाच चिकटलेली असतात. ती लहान आतड्यातून तशीच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू ती सावकाश सोडवतात. तंतू आणि पॉलिफेनॉल एकत्र आले तर चांगलंच. पण पाकिटावर पहिला मान तंतूंना मिळायला हवा, जो सहसा मिळत नाही, कारण ‘कोंडा’ म्हटलं की कुणी दुप्पट पैसे देत नाही.

सगळ्या भट्ट्यांचा कचरा एका मापाने मोजू नका

महाराष्ट्रात डिस्टिलरी म्हटलं की साखर कारखान्याशेजारची, मळीवर चालणारी. तिच्या एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळपट, उग्र वासाचं सांडपाणी निघतं. गंमत म्हणजे त्याचा काळा रंग ज्या मेलॅनॉइडिन द्रव्यांमुळे येतो, त्यांनाही परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट गुण दिसतात. पावाच्या खरपूस कडेला आणि भाजलेल्या कॉफीला रंग देणारं घराणं हेच. म्हणून हे पाणी खाण्यात आणायचं का? नाही. त्यात क्षार बेसुमार असतात, प्रक्रियेतली रसायनं असतात, आणि ते गाळून काढायला जो खर्च येईल त्यात दुसरं काहीही चांगलं पिकवता येईल. त्यातलं पोटॅश शेतात परत गेलं तरी पुष्कळ, आणि सांडपाणी जाळून उरणाऱ्या राखेतून ते तसं नेलंही जातं.

धान्याची भरड मधल्या पायरीवर आहे. प्रथिनं आणि तंतू भरपूर, पण इथेनॉलचे कारखाने इंधनासाठी उभारलेले आहेत, माणसाच्या ताटासाठी नाहीत. माणसाला खाऊ घालायचं तर धान्याच्या निवडीपासून वाळवणीपर्यंत वेगळी, खाद्यदर्जाची वाट लागते. बिअरसाठी आणि माल्ट व्हिस्कीसाठी सातूचं (बार्लीचं) गोड पाणी काढून घेतल्यावर उरणारा चोथा या बाबतीत बरा, कारण तो यीस्ट पडण्याआधीच वेगळा होतो आणि तोवर त्याला धान्य आणि गरम पाणी यांशिवाय काही लागलेलं नसतं. परदेशांत आटा-बिस्किटांत जातो तो मुख्यतः हाच.

तिसरा प्रकार फळांचा. इथे थोडं थांबू.

बोंडू

मार्च ते मे या काळात सिंधुदुर्गात काजूच्या बागेत गेलात तर पायाखाली बोंडूंचा सडा दिसतो आणि हवेत आंबूस वास असतो. बी पिरगळून काढून घेतात, बोंडू तिथेच टाकतात. वजनात बघितलं तर बी म्हणजे त्या फळाचा किरकोळ भाग. बोंडू बीच्या पाच ते दहा पट भरतो. त्याच्या १०० ग्रॅममध्ये २००च्या आसपास मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे संत्र्याच्या चौपट. तरी तो बाजारात येत नाही, कारण झाडावरून पडल्यावर दिवसभरात नासायला लागतो आणि खाल्ला तर घसा धरतो. घसा धरणारे ते टॅनिन: लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, जिभेवरचा ओलसर थर ओढून घेतल्यासारखं होतं.

गोव्याने या फळाचं दुसरं टोक पकडलं. पडलेले पिकले बोंडू गोळा करायचे, कुंडात तुडवून किंवा यंत्रात दाबून रस काढायचा. मग चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर दगड ठेवायचा. त्यातून थेंब थेंब उतरतो तो नीरो. तुडवून काढलेला रस आंबवून भट्टीला लावला की पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा ताज्या आंबवणासोबत उकळला की फेणी. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतकं करून ढिगात जो कोरडट पिवळा चोथा उरतो तो शेणखताच्या खड्ड्यात जातो, किंवा तसाच पडतो.

या चोथ्यात काय राहिलं? क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, त्यामुळे त्याचा मोठा वाटा रसाबरोबर गेला. ‘चोथ्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व’ असं कुणी सांगितलं तर तो ताज्या फळाचा आकडा चोथ्याला चिकटवतोय असं समजा, आणि वाळवताना आणखी घट झालेली असते ती वेगळीच. बोंडूचा पिवळा-तांबडा रंग देणारी कॅरोटिनॉइड मात्र पाण्यात विरघळत नाहीत, ती गराला धरून राहतात. टॅनिनचाही काही वाटा उरतो. आणि तंतू तर जवळजवळ सगळेच. ब्राझीलच्या ईशान्य भागात काजूचं मोठं पीक आहे. तिथल्या एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेने याच चोथ्यातून पिवळा खाद्यरंग काढायची पद्धत बसवली, आणि तंतूंचा वापर बिनमांसाच्या टिक्क्यांतही केला. आपल्याकडे कर्नाटकात पुत्तूरला असलेल्या काजू संशोधन संचालनालयाने बोंडूच्या पदार्थांवर काम केलं आहे. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजूच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहेच.

एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट: फेणीचा चोथा भट्टीच्या आधीच बाजूला होतो. म्हणजे तो ताजा उचलला तर त्यात ना अल्कोहोल, ना भांड्याचा धातू. उचलायला उशीर केला की हवेतलं यीस्ट आपणहून कामाला लागतं, आणि मग हा फायदा संपतो.

ज्यांनी करून दाखवलं

भट्टीतून निघालेला कचरा थेट पेय म्हणून विकण्याचं चांगलं उदाहरण जपानच्या ओकिनावा बेटांवर आहे. तिथली अवामोरी ही तांदळाची दारू. हवा आपल्या कोकणासारखी, दमट आणि उष्ण, आंबवण सहज नासावं अशी. तिथल्या लोकांनी त्यावर काळ्या कोजी बुरशीचा उपाय शोधला. ही बुरशी तांदळाच्या स्टार्चची साखर तर करतेच, शिवाय भरपूर सायट्रिक आम्ल सोडते, म्हणजे लिंबातलं आम्ल. त्या आंबटपणात नासवणारे जंतू टिकत नाहीत. आता पुढचं बघा: सायट्रिक आम्ल तापवल्यावर वाफ होऊन जात नाही. दारू वर गेली, आम्ल खाली राहिलं, सोबत तांदळाच्या आणि बुरशीच्या प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्लं. तो गाळ दाबून, गाळून काढलेलं तपकिरी आंबट पाणी तिथे ‘मोरोमी व्हिनेगर’ म्हणून बाटलीत विकलं जातं, बऱ्याचदा काळा गूळ घालून. २००७मध्ये समुद्रात कचरा टाकण्याचे जपानचे नियम कडक झाले, तेव्हा तर दारू करणाऱ्या सगळ्यांनाच उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा लागला.

इटलीतली गोष्ट जुनी आहे आणि तिला कुणी ‘अपसायकल’ (टाकाऊतून टिकाऊ) म्हणत नाही. वाइन करून उरलेला द्राक्षाचा चोथा डिस्टिलरीत जातो, त्यातून ग्रापा ही कडक दारू निघते. पण डिस्टिलऱ्या तिथे थांबत नाहीत. बिया वेगळ्या करून तेल काढतात, टार्टारिक आम्ल काढतात, आणि सालींपासून खाद्यरंग. युरोपातल्या पाकिटांवर ई १६३ दिसलं तर तो अँथोसायनिनचा जांभळा-लाल रंग असतो, आणि द्राक्षाची साल हा त्याचा एक मुख्य स्रोत. नाशिकच्या वाइनऱ्यांमध्ये गाळपाच्या द्राक्षाच्या वजनाच्या २० ते २५ टक्के चोथा निघतो. त्याचं गणित इटलीपेक्षा वेगळं असायचं कारण नाही, फक्त तेवढा चोथा एका ठिकाणी जमला पाहिजे.

‘माळकरी घरात चालेल का?’ आणि इतर शंका

ही शंका हसण्यावारी नेऊ नये. रसायनशास्त्राचं उत्तर सोपं आहे: भट्टीचं कामच अल्कोहोल काढून घेण्याचं असतं, आणि उरलेलं वाळवताना राहिलंसाहिलं तेही उडतं. विषारी मिथेनॉल तर साध्या अल्कोहोलपेक्षाही कमी तापमानाला, ६५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून ते धारेबरोबर निघून जातं. भीती असेल तर ती हातभट्टीच्या ग्लासात, चोथ्यात नाही. पण माळ घातलेल्या माणसाचा प्रश्न रेणूंचा नसतो, उगमाचा असतो. पाकिटावर उगम स्पष्ट छापला पाहिजे, निर्णय ज्याचा त्याचा.

मग तो खडा. मक्याला बुरशी लागली असेल तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असतं. यीस्ट ते खात नाही, भट्टीच्या तापमानाला ते मोडत नाही. साखर निघून गेली की तेही तिप्पट दाट होतं. आपल्याकडे धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. १० असलेला मका परीक्षेत पास. त्याचीच भरड ३०च्या घरात जाऊन नापास. फवारणीचे अंश, प्रक्रियेत जंतू आवरायला वापरलेली प्रतिजैविकं यांचंही असंच. म्हणून ‘नैसर्गिक आहे, मग काय बिघडतं’ हे उत्तर पुरत नाही. कच्चा माल तपासला होता हेही पुरत नाही, तपासायचा तो शेवटचा चोथा.

तांब्याची गोष्ट वेगळी. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीची भांडी तांब्याची असतात. आंबवण त्यात उकळून उरणाऱ्या द्रवात तांबं उतरतं, आणि तो द्रव मिसळून वाळवलेलं खाद्य तिथे गाईगुरांना चालतं पण मेंढ्यांना घालताना जपावं लागतं, कारण मेंढीला तांबं बाधतं. गोव्यातही भट्टीला तांब्याची भांडी वापरतात. तेव्हा भट्टीच्या तळाचं पाणी आटवून काही करायचा विचार असेल तर तांबं आधी मोजावं.

सातूच्या चोथ्यात ग्लूटेन असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी लांब राहावं. आणि ‘जनावराचं खाणं आम्हाला का?’ या प्रश्नाला तसा अर्थ नाही. ताक, कोंडा आणि पेंड यांचा इतिहास बघितला तर हा मान-अपमान दर पिढीत बदलत आलाय.

मग अडलंय कुठे? पाण्यात

चोथ्यात काय आहे यावर संशोधन भरपूर झालंय. चोथा ओला असतो, यावर मात्र सगळं अडतं. समजा काजूच्या १०० किलो चोथ्यात ७५ टक्के पाणी आहे. त्याची टिकाऊ भुकटी करायची तर ओलावा ८ टक्क्यांवर आणावा लागेल, म्हणजे ७३ किलो पाणी उडवायचं आणि हातात २७ किलो भुकटी येणार. एक किलो पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६३ युनिट ऊर्जा लागते, हा निसर्गाचा नियम, त्यात घासाघीस नाही. ७३ किलोंना ४६ युनिट झाले. वाळवणयंत्रात निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर ९२. आठ रुपये दराने भुकटीच्या एका किलोला २५-३० रुपये फक्त विजेचे. मजुरी, वाहतूक, दळण, तपासणी अजून पुढेच आहे, आणि शेजारी गव्हाचं पीठ तयार बसलेलं.

उन्हात वाळवा, असं पटकन सुचतं. एप्रिलमध्ये कोकणात ऊन कडक, पण हवा दमट. जाड थर मधून वाळायच्या आत बुरशी धरतो. पातळ पसरायला जागा हवी, माशा आवरायला जाळी हवी. शिवाय हंगाम तीन महिन्यांचा. केवळ बोंडूसाठी घेतलेलं वाळवणयंत्र नऊ महिने रिकामं बसणार, म्हणून ते कोकमाचं आगळ-आमसूल, फणसाचे गरे, आंबापोळी करणाऱ्या बचतगटाकडेच शोभतं. फेणीच्या भट्टीत लाकडाची बरीच उष्णता धुराबरोबर वर जाते. चोथ्याला धूर लागू न देता ती वाळवणीकडे वळवता आली तर विजेचा खर्च बराच उतरेल. रचनेचं काम आहे, अशक्य काही नाही. मात्र सिंधुदुर्गात बोंडू आहेत पण गोव्यासारखी भट्ट्यांची परंपरा कायद्याच्या चौकटीत नाही, त्यामुळे तिथे आधी रसाचा उद्योग उभा राहायला हवा. रस नाही तर चोथा तरी कुठला.

पाकीट हातात आलं तर

घटकांच्या यादीत चोथ्याचे टक्के शोधा. बिस्किटात साधारण १० टक्क्यांच्या पुढे गेलं की दाताखाली वाळूसारखं लागतं, तंतू पाणी पिऊन पीठ घट्ट करतात आणि तुरटपणा वर येतो, म्हणून कंपन्या सहसा त्याच्या आतच राहतात. उरलेले ९० टक्के मैदा, साखर आणि तूप-तेल असेल, तर ते बिस्कीटच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार घन पदार्थावर ‘तंतूंचा स्रोत’ लिहायला १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम आणि ‘तंतू भरपूर’ लिहायला ६ ग्रॅम तंतू लागतात; मागच्या बाजूला हा आकडा छापलेला नसेल तर पुढच्या बाजूचं ‘अँटिऑक्सिडंट’ कितीही मोठ्या अक्षरांत असलं तरी पाकीट परत ठेवा. आणि आंबट-गोड पेय असेल तर साखरेची ओळ सगळ्यात आधी वाचा.